केसगळतीवर उपचार: थांबायचं किती, आणि उशीर कधी होतो?

गिरणाकाठची
८ नोव्हेंबर, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी. प्रश्न भावाबद्दल आहे, पण सुरुवात माझ्यापासून करावी लागेल.

२०२२ च्या गणपतीत मला टायफॉइड झाला. ताप उतरला, अंगात ताकद आली, दिवाळीही नीट झाली आणि मग केस जायला लागले. भांग पाडताना हातात पुंजका, न्हाणीच्या जाळीवर केसांचा थर, पोळीच्या कणकेतसुद्धा केस. मी रडकुंडीला आले होते. पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, थांबा, येतील. खरंच आले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत डोकं पहिल्यासारखं भरलं.

त्याच सुमारास धाकट्या भावाने विचारलं होतं, "ताई, माझं कपाळ मोठं दिसतंय का गं?" तेव्हा तो २१ वर्षांचा होता. मी म्हटलं, माझे आले ना, तुझेही येतील, थांब. माझ्यावर विश्वास ठेवून तो तीन वर्षं थांबला.

यंदा भाऊबीजेला ओवाळलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, तर त्या केसांत अडकल्याच नाहीत. टाळूच्या कातडीवर तांदळाचे दाणे तसेच पडलेले दिसले. रात्री मी त्याचे जुने पासपोर्ट फोटो शोधून ओट्यावर ओळीने मांडले. बारावीच्या फॉर्मचा, भरतीच्या फॉर्मचा आणि ठिबकच्या कंपनीत कामाला लागला तेव्हाचा. तीन फोटोंत कपाळाच्या दोन्ही बाजू किती मागे गेल्यात ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आई म्हणते उष्णता आहे. वडील म्हणतात आजोबांनाही टक्कल होतं, त्यात काय. आणि मला वाटतंय की माझ्या एका वाक्याने त्याची तीन वर्षं घालवली.

माझ्या वेळी थांबणं बरोबर होतं, मग त्याच्या वेळी चूक कसं? आणि आता फार उशीर झालाय का? कुणाचा अनुभव असेल तर मनापासून सांगा.

---

रावेरची_केळी
८ नोव्हेंबर, रात्री १०:४१

ताई, पहिलं कारण पाणी. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो. त्यात मे महिन्यात पारा ४५ ला. अशा पाण्याने आणि अशा उन्हात केस टिकतीलच कसे? नळाच्या पाण्याने डोकं धुवायला सांगा, फरक पडेल.

---

जिभाऊ_दोंडाईचा
८ नोव्हेंबर, रात्री ११:०२

मन्हा मामाना डोकावर एक बी केस नई शे, तरी तो मजामा शे! एसटीत ३० वर्षं ड्रायव्हर होता. मामी म्हणते, लांबून स्टँडवर बस आली की मला आधी ह्यांचं डोकं दिसायचं आणि मी भाकरी तव्यावर टाकायची. :)

भावाला सांगा, मनाला लावून घेऊ नको.

---

भांगातली_वाट
८ नोव्हेंबर, रात्री ११:२०

वाचतेय. माझाही अनुभव लिहीन, उद्या सविस्तर.

---

तालुक्याचा_त्वचावाला
९ नोव्हेंबर, सकाळी ७:३५

मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे, धुळे जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. गिरणाकाठची ताई, तुम्ही अगदी मुद्द्याचा प्रश्न विचारलाय, म्हणून जरा लांब लिहितो.

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात आणि प्रत्येक मुळाचं चक्र वेगळं चालतं. एक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवडे वाढ आवरती घेतो, त्यानंतर तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. त्याच जागेतून नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं हे नेहमीचं आहे.

टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, एकदम जेवण तोडणं, असा धक्का बसला की पुष्कळ मुळं एकाच वेळी विश्रांतीला जातात. ती विश्रांती संपते दोन-तीन महिन्यांनी. म्हणूनच गणपतीतल्या तापाचे केस तुमच्या हातात दिवाळीनंतर आले. मूळ शाबूत असतं. कारण दूर झालं आणि रक्त भरून निघालं की गळती बहुतेकांची सहा महिन्यांत थांबते. लांबी यायला मात्र वेळ लागतो, कारण केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटरच वाढतो. तुमच्या डॉक्टरांनी थांबायला सांगितलं, तोच तुमच्यावरचा उपचार होता.

भावाचं वर्णन वेगळ्या प्रकाराचं वाटतं. कानशिलांवरून कपाळ मागे जाणं आणि टाळू विरळ होणं हा पुरुषी टकलाचा साचा आहे. तिथे पुंजके पडत नाहीत. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून शरीरात डीएचटी नावाचं दुसरं संप्रेरक तयार होतं, आणि आनुवंशिकतेने नाजूक असलेली मुळं त्याने आक्रसत जातात. दर चक्राला वाढीचा काळ कमी, केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड, शेवटी नुसती लव. उपचार या आक्रसणाऱ्या मुळांना सावरतात. पार गेलेल्या मुळाला ते परत आणू शकत नाहीत. त्यामुळे इथे थांबलेला प्रत्येक महिना त्या माणसाच्या विरुद्ध जातो. त्यात साधारण निम्मी दाटी जाईपर्यंत आरशात काही कळत नाही.

म्हणजे "थांबा" आणि "लगेच या" हे दोन्ही सल्ले खरे आहेत. कुठला कुणाला द्यायचा, हे डोकं बघितल्याशिवाय सांगता येत नाही. २४ व्या वर्षी फार उशीर झाला असं मी तरी न बघता म्हणणार नाही. आधी कुणा त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

रावेरभाऊ, जड पाण्याने केस राठ होतात, मधून तुटतात, हे खरं. पण मूळ आक्रसणं पाण्याने होत नाही. एकाच बोअरच्या पाण्याने न्हाणाऱ्या बहिणीचं डोकं भरलेलं आणि भावाचं कपाळ मागे, हे त्यामुळेच.

---

रावेरची_केळी
९ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

डॉक्टरसाहेब, शेवटचं वाक्य पटलं. आमच्या घरातही असंच आहे. बायकोचे केस गुडघ्याला आणि माझे बघा. पाणी एकच.

---

खुर्ची_आरसा
९ नोव्हेंबर, दुपारी २:४८

माझं पारोळ्याला सलून आहे, २६ वर्षं झाली. गिऱ्हाईक स्वतःला समोरून बघतं, मी त्याचं डोकं वरून बघतो. टाळूवर रुपयाएवढी जागा पातळ झाली की मला त्याच्यापेक्षा दोन वर्षं आधी कळतं. पूर्वी मी बोलत नसे. माणूस नाराज होतो, गिऱ्हाईक तुटतं.

एक पोरगा दर महिन्याला यायचा, मागे मशीन मारायला सांगायचा आणि वरचे केस लांब ठेवायचा. वरचे पातळ होत चाललेले मला दिसत होतं. मी लांब ठेवून पातळ जागा झाकून द्यायचो, त्यालाही बरं वाटायचं. लग्न ठरलं तेव्हा त्याने पहिल्यांदा मागचा आरसा धरायला सांगितला आणि गप्प बसून राहिला. पैसे देताना म्हणाला, "दादा, तुम्ही सांगायला पाहिजे होतं." ते मला लागलं. तेव्हापासून सांगतो. खुर्चीत कुणी ऐकणारं नसेल तेव्हा हळूच मागचा आरसा धरतो आणि म्हणतो, भाऊ, ही जागा बघून ठेवा, एकदा दाखवून घ्या.

ताई, तुम्ही फोटो ओळीने मांडलेत तेच बरोबर केलंत. रोज आरशात बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

---

गिरणाकाठची
९ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

दादा, तुमचं लिहिलेलं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आणि डॉक्टर, खूप आभार. "दोन्ही सल्ले खरे आहेत" हे वाचून जरा हलकं वाटलं. जळगावला वेळ घेते.

---

शहाद्याची_माय
९ नोव्हेंबर, रात्री ९:०५

मोठ्या माणसांचं चाललंय, मी लेकराचं सांगते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मुलगा सहा वर्षांचा असताना त्याच्या डोक्यावर गोल चट्टा पडला. सासूबाई म्हणाल्या चाई आहे, लसूण चोळ. चोळला. लेकरू तळमळायचं. मग गावातल्या दुकानातून तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम आणलं, ते लावलं की खाज कमी व्हायची, म्हणून आम्हाला वाटलं गुण येतोय. चट्टा मात्र पसरत गेला. महिन्याभराने तिथे मऊ गाठ आली, पू यायला लागला, मानेला अवधाण आलं. कुणी म्हणालं गळू आहे, फोडून घ्या. आम्ही फोडून घ्यायला निघालो होतो, पण नंदेच्या ओळखीने आधी नंदुरबारला त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बघितल्याबरोबर सांगितलं, ही चाई नाही, डोक्यावरचा गजकर्ण आहे.

पोटातून ग्रिसिओफल्विनच्या गोळ्या आठ आठवडे चालल्या. गाठ बसली, बाकीचे केस आले, पण मधली दोन बोटांची जागा कायमची गुळगुळीत राहिली. तो आता नववीत आहे. शाळेत जाताना केस त्या बाजूला ओढून बसवतो, मी रोज बघते. पहिल्या आठवड्यात दाखवलं असतं तर ती जागा वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

---

तालुक्याचा_त्वचावाला
९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. चाईचा चट्टा गुळगुळीत असतो, खवले नसतात. गजकर्णात खवले, खाज आणि मधूनच तुटलेल्या केसांचे काळे ठिपके दिसतात. लहान मुलाच्या डोक्यावर चट्टा दिसला की आधी गजकर्णाची शंका घ्यायची. नुसतं मलम केसाच्या मुळात पोचत नाही, औषध पोटातूनच लागतं. आणि स्टेरॉइड असलेल्या मलमाने खाज दबते पण बुरशी फोफावते. घरातल्या बाकीच्या मुलांचीही डोकी तपासून घ्यायची, कंगवा-टॉवेल वेगळे.

---

खुर्ची_आरसा
९ नोव्हेंबर, रात्री १०:१२

लेकरांच्या डोक्यावर चट्टा दिसला तर मी कात्री लावत नाही, आधी डॉक्टरकडे पाठवतो. मशीनचं पातं आणि कंगवा प्रत्येक डोक्यामागे औषधाच्या पाण्यात घालतो. घाईच्या रविवारी ते राहून जायचं, आता राहू देणार नाही.

---

यावलचा_नाथ
१० नोव्हेंबर, सकाळी ११:१५

चाईचा विषय निघाला म्हणून. मला दाढीत आणि डोक्यात तीन चट्टे पडले होते. लहान चट्टे पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरतात असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. माझे वाढत होते म्हणून चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं घेतली, दर चार-सहा आठवड्यांनी. चौथ्या वेळेपर्यंत केस आले, आधी पांढरे, मग काळे.

आत्तेबहिणीचं डोकं मात्र पूर्ण गेलं आहे, १२ वर्षं झाली. तिच्यासाठी नव्या गोळीची चौकशी केली होती. बॅरिसिटिनिब नाव आहे, २०२२ मध्ये अमेरिकेत जास्त पसरलेल्या चाईसाठी मान्यता मिळाली. डॉक्टर म्हणाले, चट्ट्यांचा हा फेरा चार वर्षांच्या आत असेल तर गुण येण्याची शक्यता जास्त, आणि गोळी सुरू करण्याआधी टीबीसकट बऱ्याच तपासण्या लागतात. ती म्हणाली, मला आता ओढणीची सवय झाली, लेकीच्या शाळेची फी महत्त्वाची. मी आग्रह केला नाही. पण ही गोळी तिच्या पहिल्या वर्षी असती तर, हा विचार जात नाही.

---

वरणबट्टी
१० नोव्हेंबर, दुपारी १२:५०

माझं मत वेगळं आहे, कुणी रागावू नका. टक्कल हा आजार नाही. आमच्या वडिलांच्या पिढीत डोक्यावर टोपी असायची, केस आहेत की नाहीत ते अंत्ययात्रेतच कळायचं. आज २२ वर्षांच्या मुलांना आधी भीती घालायची आणि मग जन्मभराचं औषध विकायचं, हे मला पटत नाही. टकलावर देतात त्या फिनास्टेराइडच्या गोळीने काहींना लैंगिक त्रास होतो, मन खचतं, हे का सांगत नाहीत? मुलगी बघायला गेल्यावर केसांवरून नकार येतो, तर बदलायचं कुणी?

---

तालुक्याचा_त्वचावाला
१० नोव्हेंबर, रात्री ८:२०

वरणबट्टी, तुमची तळमळ बरोबर आहे. ज्याला टकलाचं काही वाटत नाही, त्याला मी कधीच औषध देत नाही. फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांना इच्छा कमी होणं, ताठरतेचा त्रास, काहींना उदासी येते. हे सांगितल्याशिवाय चिठ्ठी लिहूच नये, आणि आधी नैराश्य असेल तर जास्तच जपावं. गरोदर किंवा गर्भधारणेच्या बेतात असलेल्या बाईने ती गोळी घेऊ नये, फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. १ मिलिग्रॅमची ही गोळी केसांसाठी अमेरिकेत १९९७ पासून आहे. मिनॉक्सिडिल त्याच्याही आधीचं. ते मुळात रक्तदाबाचं औषध, गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून १९८८ मध्ये लावायचं औषध झालं. दोन्ही जुनी औषधं आहेत, त्यांचे गुण-दोष माहीत आहेत.

पण "नको" हा निर्णयही माहिती घेऊन, वेळेत झालेला बरा. न विचारता दहा वर्षं गेली की निवडायला काही उरत नाही. माझ्याकडे ३५ व्या वर्षी येणारे बहुतेक जण म्हणतात, तेव्हा कुणी सांगितलंच नाही.

---

वरणबट्टी
१० नोव्हेंबर, रात्री ८:५५

हे पटलं. सांगून मग ज्याच्या त्याच्यावर सोडणं, एवढंच माझं म्हणणं होतं.

---

जिभाऊ_दोंडाईचा
१० नोव्हेंबर, रात्री ९:१०

टोपीवरून आठवलं. टोपी घालून टक्कल पडतं म्हणतात, ते खरं का? तसं असतं तर आमच्या गावात एकाच्याही डोक्यावर केस दिसला नसता. :)

---

तालुक्याचा_त्वचावाला
१० नोव्हेंबर, रात्री ९:१८

नाही जिभाऊ, टोपीने नाही आणि हेल्मेटनेही नाही. हेल्मेट घालाच.

---

भांगातली_वाट
१० नोव्हेंबर, रात्री ११:३०

उद्या लिहिते म्हणाले होते, उशीर झाला. मी अमळनेरची, वय ३४.

बायकांचं टक्कल असं पुढून मागे जात नाही, म्हणून कुणी ओळखतच नाही. माझा भांग रुंद होत गेला. पहिल्या वर्षी दोऱ्याएवढी रेघ, तिसऱ्या वर्षी बोटाएवढी. सणाला वेणीत गजरा माळायचे, पिना टोचायला केस पुरेनात. औषधाच्या दुकानात सांगितलं की त्यांनी बायोटिनच्या गोळ्या दिल्या. त्या दोन वर्षं घेतल्या. थायरॉइडची तपासणी केली तर आकडे विचित्र आले. नव्या डॉक्टरांनी विचारलं, बायोटिन घेता का? त्याने ती तपासणी चुकीची येऊ शकते म्हणे. बंद करून पुन्हा केली. थायरॉइड ठीक निघालं, पण फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, अगदी तळाला. पाळीत जास्त रक्त जायचं ते मी १५ वर्षं "असतंच" म्हणून सोसलं होतं.

लोह भरून काढलं, तेव्हा गळती थांबली. पण भांग तितकाच राहिला. म्हणजे मला दोन्ही होतं, लोहाची कमी आणि बाईचं टक्कल. आता मिनॉक्सिडिल लावते. पहिल्या वर्षी भांगाची रेघ होती तेव्हाच रक्त तपासलं असतं तर, हे मनात येतंच. बायांनो, पाळी जास्त जात असेल तर ते आधी सांगा, केसांचं नंतर.

---

बाळंतीण_२
११ नोव्हेंबर, सकाळी १०:०५

आमची आजी म्हणायची, बाळ हुंकार देऊ लागलं की आईचे केस जातात. बाळ हुंकारतं तीन-चार महिन्यांचं असताना, आणि डॉक्टरांनी वर लिहिलेला हिशेबही तोच! माझे दोन्ही वेळी गेले आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत आले. डिंकाचे लाडू, कळण्याची भाकरी आणि धीर. काही लावलं नाही.

---

तापीवरचा
११ नोव्हेंबर, दुपारी ४:२५

२०२५ च्या जानेवारीत शेजारच्या बुलढाण्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत तीन-चार दिवसांत लोकांची डोकी मोकळी झाली होती, आठवतं? आधी सगळे पाण्यालाच दोष देत होते. मग डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. आमचे पाहुणे तिथलेच. मुक्ताईनगरपर्यंत भीती पसरली होती, लोक रेशनचा गहू परत करत होते.

---

रावेरची_केळी
११ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:००

हो ना, मलकापूर आमच्यापासून किती लांब? आम्ही पंधरा दिवस ज्वारीच खाल्ली. तसं हिवाळ्यात भरताबरोबर ज्वारीच चांगली लागते म्हणा.

---

तालुक्याचा_त्वचावाला
११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५

त्यातली एक गोष्ट धरून ठेवा. एकाच गावात एकाच वेळी पुष्कळ लोकांचे केस गेले तर ते टक्कलही नाही आणि नुसता ताणही नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं.

---

ओढ्याकाठी
११ नोव्हेंबर, रात्री ९:५०

बरेच दिवस इथे नुसती वाचते, आज लिहिते. माझे केस गळण्याआधी डोक्याची आग व्हायची. टाळूवर एक जागा, तिथे कंगवा लागला तरी झोंबायचं. मला वाटलं उष्णता, मी वर्षभर कांद्याचा रस आणि कोरफड लावली. त्या जागेचे केस गेले आणि कातडी चकचकीत झाली, मुळाचं छिद्रच दिसेना. त्वचेच्या डॉक्टरांनी छोटा तुकडा तपासायला पाठवला. लायकेन प्लॅनोपायलॅरिस निघाला. यात शरीरच केसाची मुळं जाळतं आणि जागी व्रण राहतो. गेले ते येणार नाहीत, उरलेले वाचवू, असं स्पष्ट सांगितलं. औषधाने आग थांबली, चट्टा दोन वर्षं तेवढाच आहे.

मला कुणी आधी सांगितलं असतं की केस जाण्याबरोबर आग, दुखणं किंवा झोंबणं असेल तर एक आठवडाही थांबू नका. म्हणून मी इथे सांगते.

---

तालुक्याचा_त्वचावाला
११ नोव्हेंबर, रात्री १०:२०

ताई, मी एवढं वर लिहिलं आणि सगळ्यात घाईचा प्रकार लिहायचाच राहिला. तुम्ही तो लिहिलात, फार बरं झालं.

---

चाळीसगाव_पॅसेंजर
१२ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

गिरणाकाठची ताई, भावाचं औषध सुरू होईल तर हे त्याला वाचायला द्या.

मला २६ व्या वर्षी मिनॉक्सिडिल दिलं होतं. लावायला लागलो आणि महिन्याभरात गळती वाढली. उशीवर केस, डब्यातल्या पोळीवर केस. औषधानेच टक्कल पडतंय असं वाटून सहाव्या आठवड्यात बाटली उकिरड्यावर टाकली. डॉक्टरांना विचारलंही नाही. पाच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं, बसून राहिलेले जुने केस औषधाने लवकर सुटतात आणि नव्यांना जागा होते, सुरुवातीची ही गळती काही आठवड्यांत थांबते. गुण आला की नाही हे चार-सहा महिन्यांआधी ठरवायचंच नसतं. आता तीन वर्षं लावतोय. आहे ते टिकलंय, टाळू थोडी भरली. पण मधल्या पाच वर्षांत कपाळाचे गेले ते गेलेच.

आणि एक. सोडलं की काही महिन्यांत मिळालेलं परत जातं. म्हणून सुरू करतानाच तयारी ठेवा. उन्हाळ्यात दिवसा लावलं तर घामाने वाहून जातं, संध्याकाळी डोकं कोरडं करून लावायचं, झोपेपर्यंत वाळतं.

---

मांजरवेडी_भुसावळ
१२ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

घरात मांजर असेल तर फार जपा! मिनॉक्सिडिल मांजराला विषारी आहे, थोडंसं चाटलं तरी जीव जाऊ शकतो. हात धुवा, ओल्या डोक्याने मांजराला जवळ घेऊ नका, उशीचा अभ्रा बाजूला ठेवा.

---

पुण्यात_शिरपूरकर
१२ नोव्हेंबर, रात्री १०:४५

उशिराचं सगळ्यांनी लिहिलं, मी घाईचं लिहितो.

२३ व्या वर्षी कर्ज काढून केस रोवून घेतले. क्लिनिकवाल्यांनी औषध चालू ठेवण्याचं सांगितलंच नाही, एका दिवसात काम होईल एवढंच म्हणाले. मागच्या बाजूचे केस काढून पुढे लावले. एक वर्ष फार छान दिसलं. पण लावलेल्या केसांच्या मागचे माझे मूळचे केस गळतच राहिले. आज ३१ आहे. पुढे लावलेल्या केसांची पट्टी, मागे रिकामी जागा, मग पुन्हा केस. मागचे काढण्यासारखे केस मोजकेच असतात, ते एकदा वापरले की परत मिळत नाहीत. दुसरे डॉक्टर म्हणाले, आधी दोन-चार वर्षं औषधाने गळती स्थिर करायची, टक्कल कुठपर्यंत जाणार याचा अंदाज घ्यायचा, मग रोवायचं.

भावाला कुणी पहिल्याच भेटीत रोवून टाकू म्हणालं तर तिथून उठून या.

---

गिरणाकाठची
२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

मंडळी, जाऊन आलो.

जळगावच्या डॉक्टर बाईंनी आधी केस हळूच ओढून बघितले, मग छोटं दिव्याचं भिंग टाळूवर ठेवून मोबाइलवर मोठं करून दाखवलं. एकाच जागी जाड, मध्यम आणि लवेसारखे बारीक, असे तिन्ही केस शेजारी शेजारी. भाऊ घाबरला. त्या म्हणाल्या, हे बारीक दिसताहेत ही चांगली गोष्ट आहे, म्हणजे मुळं अजून आहेत. कपाळाचे दोन्ही कोपरे मात्र गुळगुळीत झालेत, तिथे फार आशा धरू नका. तीन वर्षांपूर्वी आला असतास तर कोपरेही सांभाळले असते का, असं मीच विचारलं. त्या म्हणाल्या, बहुतेक. खोटा दिलासा दिला नाही, ते मला आवडलं.

मिनॉक्सिडिल सुरू केलं. फिनास्टेराइडचं सगळं समजावून सांगितलं, त्याने विचार करायला एक महिना मागितला. त्या म्हणाल्या, घे की महिना. फोटो काढले, चार महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.

घरी येताना बसमध्ये मी त्याला म्हटलं, माझ्यामुळे उशीर झाला. तो म्हणाला, "ताई, तू थांब म्हणालीस म्हणून मी थांबलो नाही. दाखवायची लाज वाटत होती, तुझं थांब म्हणणं मला सोयीचं पडलं." पुढे दोघेही एरंडोलपर्यंत काही बोललो नाही.

(मांजर आहे. ती आता ओसरीत झोपते.)

---

यावलचा_नाथ
२३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

छान झालं. लाजेचं त्याने बरोबर सांगितलं.

---

गिरणाकाठची
४ जानेवारी, रात्री ९:२०

धागा वर काढतेय.

परवा भावाचा फोन आला, आवाज पडलेला. सहावा आठवडा, उशीवर केस वाढलेत, बंद करू का म्हणत होता. मी चाळीसगाव_पॅसेंजर भाऊंचा प्रतिसाद त्याला फोनवर सबंध वाचून दाखवला. मग डॉक्टर बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या चालू ठेव. चालू आहे. भाऊ, उकिरड्यावर टाकलेल्या बाटलीचं लिहिलंत म्हणून आमची बाटली वाचली.

---

चाळीसगाव_पॅसेंजर
४ जानेवारी, रात्री ९:४५

ताई, हे वाचून फार बरं वाटलं. त्याला माझा नंबर द्या, व्यक्तिगत निरोपात पाठवतो. रात्री वाटलं तरी फोन करू दे.

---

खुर्ची_आरसा
४ जानेवारी, रात्री १०:०१

फोटो काढताना दर वेळी भांग त्याच बाजूला, केस कोरडे आणि उजेड तोच ठेवा, ताई. आणि त्या काळात कापायचे असतील तर एकाच लांबीचे कापायला सांगा, नाहीतर ताडून बघताना फसगत होते.

---

गिरणाकाठची
४ जानेवारी, रात्री १०:१०

हो दादा. मागच्या दाराजवळची जागा ठरवली आहे, सकाळी नऊचं ऊन येतं तिथे. तीन पासपोर्ट फोटोही तिथेच भिंतीला लावलेत. मार्चअखेर पुढचा फोटो.